सहा पाऊण साडेचार

"शनिवारी सकाळी शेवटचं तपासतो. तेव्हाही प्रतिसाद नसेल तर मग यांना घरी न्या," डॉक्टर म्हणाले.

"घरी म्हणजे कुठं, ठाऊक आहे का तुम्हाला?" मी म्हटलं. "खाडीच्या काठावर घर आहे आमचं. डांबरी रस्ता संपला की पुढं अर्धा तास पायी. नाकात नळी घातलेली बाई तिथं किती दिवस टिकंल?"

माझा नवरा दिगंबर मागून माझा पदर ओढत होता. "शालन, गप ऱ्हव. डॉक्टर सांगतत तां खरां."

"खरं असेल की. पण मी विचारतेय त्याचं उत्तर कुठाय?"

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, नाव कशाला सांगू, माझी सासू द्वारकाबाई मोंडकर डोक्याला मार लागून पडली होती. त्या गुरुवारी तेरावा दिवस होता. तेरावा म्हटलं की घरात काय आठवतं ते तुम्हाला सांगायला नको. मी तर तो आकडाही तोंडातून काढत नव्हते.

डॉक्टर शहापूरकर माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. तळघरातला हा मेंदूच्या पेशंटांचा वॉर्ड, वर ओपीडी, शिवाय ऑपरेशनं. पण रोज सकाळी दहाच्या ठोक्याला जिना उतरून खाली यायचा.

"बाई, शांतपणे ऐका," ते म्हणाले. "मेंदूला मार बसला की तो स्वतःला वाचवायला लागतो. असेल नसेल ती ताकद आतल्या दुरुस्तीला लावतो आणि बाहेरची दारं लावून घेतो. ते चांगलंच असतं. पण आता सूज उतरलीय. दारं उघडायला हवी होती. वर व्यायामाच्या युनिटमध्ये एक खाट रिकामी होतेय. तिथं रोज हात-पाय हलवून घेतात, गिळायला, बोलायला शिकवतात. तिथं गेलेली माणसं घरी चालत जातात. पण जो पेशंट सांगितलेलं ऐकतो त्यालाच ती खाट मिळते. नियम आहे."

"दारं लावलेलं घर रिकामं असतं का, डॉक्टर? आमच्याकडं पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात. चार-चार महिने हलत नाहीत. म्हणून कुणी फोडून चुलीत घालत नाही त्यांना."

पलीकडच्या खाटेजवळची बाई खुदकन हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"मला तपासताना दिसेल तेच मी लिहू शकतो. रोज हाक मारतो, चिमटा काढतो, बोट धरा म्हणून सांगतो. तेरा दिवसांत एकदाही त्यांनी माझं बोट धरलेलं नाही."

"तुमचं कशाला धरतील? त्यांनी स्वतःच्या नवऱ्याचंही कधी धरलं नाही."

दिगंबर लाजेनं भिंतीकडं बघायला लागला. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले.

आता सांगते, मी कोण आणि ही बाई कोण. माझं माहेर कागलकडचं. वडील साखर कारखान्यात भोंग्याच्या कामावर. आमच्या घरात भोंग्यावर चहा, भोंग्यावर जेवण, भोंग्यावर झोप. दिगंबर एस.टी.त कंडक्टर, आमच्या गावच्या मुक्कामाच्या गाडीवर असायचा. जमलं आमचं. घरच्यांनी पाय आपटले, मी दुप्पट आपटले, आणि घाट उतरून त्याच्या खाडीवर गेले. तिथं बघते तर घड्याळाला कुणी विचारतच नव्हतं.

सासू कालवं काढायची, खडकाला चिकटलेल्या शिंपल्या. चाळीस वर्षं तेच काम. भरती पुरी भरली की उठायची. चहा घ्यायची, भाकरी बांधून घ्यायची, आणि पाणी उतरायला लागलं की त्याच्या मागोमाग टोपली घेऊन खाली. सुकतीला, म्हणजे पुऱ्या ओहोटीला, खडक उघडे पडले की लोखंडी सळीनं कालवं फोडायची. पण भरती काय एका वेळेला येते होय? रोज पाऊण तास पुढं सरकते. आज तीनला उठली तर उद्या पावणेचारला, परवा साडेचारला. आणि दिवसाला दोन भरत्या, त्यामुळं झोपही दोन तुकड्यांत. मी मध्येच भांडी पडल्याचा आवाज ऐकून उठायचे, तर ही बाई चुलीपुढं बसून धूर करतेय.

"आत्याबाई, ही काय उठायची वेळ आहे?" मी ओरडायचे. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. खाडीवरच्या बायका त्यावरूनही मला हसायच्या.

"घड्याळ तुझ्या म्हायेरचा," ती म्हणायची. "माका दर्या उठयता."

पंचांग तिला वाचता येत नव्हतं, पण तिथी कधी चुकायची नाही. आणि पाऊणकी तोंडपाठ. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हे तिनंच मला शिकवलं, म्हणजे मला खिजवायला म्हणून शिकवलं. मी ऐकायचे नाही, तरी अकरा वर्षांत कानात बसलंच. चूल कधी पेटवायची यावरून आम्ही अकरा वर्षं भांडलो. दुसरं कुठलं भांडण करायला आम्हाला वेळच मिळाला नाही.

वद्य षष्ठीला सकाळी खडकावर तिचा पाय घसरला आणि डोकं आपटलं. बायकांनी उचलून आणली. त्या सकाळचं आणखी एक आहे, पण ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

तर त्या गुरुवारी डॉक्टर गेल्यावर मी जिन्यात बसले होते. वॉर्डात नातेवाइकांना सकाळी राउंडच्या वेळी थोडा वेळ आणि संध्याकाळी पाच ते सहा एवढंच सोडायचे. वॉर्डातली आया, अक्काताई मावशी, बादली घेऊन बाहेर आली.

"रडतीस व्हय गं?"

"रडत नाही. राग आलाय."

"मग चांगलंय. रडणाऱ्यांचं काय हुत न्हाई हितं." तिनं बादली ठेवली. "आगं, तुझी सासू मेल्यागत पडती म्हणत्यात, पर दुपारची लई वळवळ करती बघ. हात हलवती, नळी वढती. मग सिस्टर सुई टोचती, की पुन्हा गप."

मी उठून उभीच राहिले. "कधी? किती वाजता?"

"रोज येगळंच. म्हणून तर कुणाच्या ध्यानात येत न्हाई. सोमवारी मी जेवणं वाटत हुते तवा, पाऊण वाजला आसंल. मंगळवारी दीडला, माझी भाकरी खायची येळ. काल तर आमची धुण्याची गाडी आली तवा. ती सवादोनला येती."

"मावशी, आज मला आत घ्या."

"नोकरी जाईल माझी."

"मी फरशी पुसते. बादली द्या."

तिनं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं, आणि फडकं माझ्या हातात दिलं.

त्या वॉर्डाला खिडकी नव्हती. ट्यूबलाइटी रात्रंदिवस चालू. आत आलं की बाहेर ऊन आहे की अंधार, काही कळायचं नाही. मी सासूच्या खाटेखालची फरशी तीनदा पुसली. अडीच झाले, पावणेतीन झाले. ती निपचित. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले, आणि तिचा उजवा हात हलला.

मावशी म्हणाली, "बघ, झाली सुरू."

हात वर उठला, तीनदा खाली आला, ठक ठक ठक असा, मग मनगट आतल्या बाजूला वळलं. डावा हात कमरेशी गेला आणि परत आला. पुन्हा तीन ठोके, पुन्हा मनगटाला पीळ. डोळे अर्धे उघडे. डावा हात जाताना नळीला अडकत होता, त्यालाच ही माणसं नळी ओढणं म्हणत होती.

ती कालवं फोडत होती. तीन ठोके, सळी घालून पीळ, आणि कमरेच्या टोपलीत टाकायचं. मी अकरा वर्षं बघत होते, मला कुणी काय सांगायचं?

तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन आली. "बेचैन झाली की द्यायचं, असं लिहिलंय," ती म्हणाली. मी काही म्हणायच्या आत सुई टोचून झाली. दहा मिनिटांत हात थांबला.

बाहेर सिस्टरच्या टेबलामागं कॅलेंडर होतं. गुरुवारच्या चौकोनात बारीक अक्षरात छापलं होतं, विनायक चतुर्थी.

चार पाऊण तीन.

मी बोटांवर मोजत मागं गेले. सोमवारी प्रतिपदा, पाऊण. मंगळवारी द्वितीया, दीड. बुधवारी तृतीया, सव्वादोन. समुद्र तिथून सव्वाशे किलोमीटर, मध्ये अख्खा सह्याद्री. आणि ही बाई जमिनीखालच्या बिनखिडकीच्या खोलीत पडून भरतीला उठत होती, आणि जाग येताच तिचे हात कामाला लागत होते. मी जिन्यात बसले आणि आता मात्र रडले. मग डोळे पुसले आणि मनात म्हटलं, थांबा आता, दाखवते एकेकाला.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढं मान्य करते.

"अशा हालचाली होतात, बाई. सवयीचं काम हात आपोआप करतात. त्याला प्रतिसाद नाही म्हणत. सांगितलेलं ऐकलं, ओळखलं, काही बोलल्या, तर तो प्रतिसाद."

"मग त्या जाग्या असतात तेव्हा सांगून बघा. झोपलेल्या माणसाला सांगून काय उपयोग? तुम्हाला पहाटे उठवून बोट धरा म्हटलं तर धराल?"

"मी दहाला येतो," ते म्हणाले.

त्या दिवशी पंचमी. पाच पाऊण पावणेचार. मावशीनं दिगंबरला आत घेतलं. पावणेचारला हात हलला तसा तो तिच्या तोंडाशी वाकून "आये, आये गो" करायला लागला. ती ठोकत राहिली. मग सिस्टर आली, सुई आली. दिगंबर बाहेर येऊन भिंतीला टेकला.

"तुझां खरां आसा," तो म्हणाला. "पण माका काय तिणां ओळखल्यान नाय. आणि उद्या डॉक्टर दहाकच येतले."

"साडेचारला येतील."

"कसे?"

"ते मला ठाऊक नाही अजून. पण येतील."

शनिवारी दहाला डॉक्टर आले. हाक मारली. चिमटा काढला. डोळ्यांत बॅटरी मारली. बोट हातात देऊन तीनदा सांगितलं. सासू गाढ. मलाच राग आला तिचा. एकदा तरी ऐकशील कुणाचं, बये!

डॉक्टरांनी कागद भरला. "इथं सही करा," ते दिगंबरला म्हणाले. आवाज मऊ होता. "वाईट वाटतंय मला. पण ती खाट अडवून ठेवता येणार नाही. दुसरी माणसं वाट बघताहेत."

दिगंबरनं पेन घेतलं. मी कागदावर पंजा ठेवला.

"सही होणार नाही."

"शालन..."

"हात मोडला तरी काढणार नाही, सांगून ठेवते. डॉक्टर, आज षष्ठी आहे. साडेचारला या. एकदाच या. तेव्हाही काही झालं नाही तर मी स्वतः सही करते, आणि सासूला पाठीवर टाकून घाट उतरते."

"सव्वाशे किलोमीटरवर कुठली भरती, बाई?"

"ते तुम्ही शिकलेले, तुम्ही शोधा. मी फक्त वेळ सांगते."

"साडेचारला माझी ओपीडी असते. साठ पेशंट असतात. त्यांना सोडून मी खाली येऊ शकत नाही." त्यांनी कागद तसाच खाटेच्या कडेला अडकवला. "संध्याकाळपर्यंत सही करून सिस्टरकडे द्या."

साठ पेशंट असतात. हे त्यांनीच सांगितलं, म्हणून माझ्या डोक्यात आलं.

दोन वाजता ओपीडीची खिडकी उघडली तेव्हा रांगेत मी होते. केसपेपर काढला. नाव द्वारका मोंडकर, वय अठ्ठावन्न, गाव खाडीवरचं. तक्रार काय, असं खिडकीतल्या माणसानं विचारलं. "जाग वेळेवर येते, पण डॉक्टर वेळेवर येत नाहीत," मी म्हटलं. त्यानं 'झोपेची तक्रार' असं लिहून नंबर दिला, सव्वीस.

दिगंबरला मी नातेवाइकांच्या शेडकडं पिटाळलं. तिथं आमचा वातीचा स्टोव्ह होता. "सव्वाचारला स्टोव्ह पेटवा. आलं ठेचून चहा करा. पेला घेऊन थेट वॉर्डात या."

"चाय? आयेक गिळूक तरी येता काय?"

"सांगितलं तेवढं करा."

चार वाजले तरी सतरावाच नंबर चालू होता. मग मी उठले आणि एकेकाला सांगत सुटले, भाऊ, मला पुढं सोडा, सासूचा जीव टांगणीला लागलाय. एक म्हातारा कुरकुरला, एक बाई म्हणाली, सगळ्यांचंच टांगणीला लागलेलं असतंय. पण सोडलं. कोल्हापूरची माणसं, तोंडानं फटकळ, पण रस्ता देतात.

चार वीसला मी डॉक्टरांपुढच्या स्टुलावर बसले. त्यांनी केसपेपर बघितला, मग मला बघितलं.

"पेशंट कुठंय?"

"खाली. चालता येत नाही, म्हणून तर डॉक्टरकडं आणलंय."

"बाई, हा तमाशा आहे."

"तमाशा तर तमाशा. केसपेपर काढलाय, नंबर लावलाय. बाहेर पाटी आहे तुमची, क्रमाने तपासले जाईल. आता क्रम आमचा."

ते चिडले. कान लाल झाले. मी चुरगाळलेला कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यावर मी वार लिहिले होते, तिथी लिहिल्या होत्या आणि वेळा. सोमवारपासून शुक्रवारपर्यंतच्या.

"मावशीला विचारा. सिस्टरला विचारा, सुई दिल्याची वेळ तिच्या वहीत आहे. मी मनानं काही लिहिलेलं नाही."

डॉक्टर वाचायला लागले. आधी नुसते डोळे फिरले, मग ओठ हलले. पाऊण, दीड, सव्वादोन. त्यांनी मान वर केली. "ही तर पाऊणकी आहे."

"तुम्हाला येते?"

"वडिलांनी छडी घेऊन पाठ करून घेतली होती."

"मग म्हणा की. आज षष्ठी. सहा पाऊण?"

"साडेचार," ते म्हणाले, आणि त्यांची नजर मनगटाकडं गेली. चार चोवीस झाले होते. मग कंपाउंडरला म्हणाले, "दहा मिनिटं कुणाला आत सोडू नको."

आम्ही जिना उतरलो तेव्हा मावशी खाटेपुढं कमरेवर हात ठेवून उभी होती आणि सिस्टरला सांगत होती, "टोचा की, पर आधी मला टोचा." सासूचा हात सुरू झाला होता. ठक ठक ठक, पीळ.

डॉक्टरांनी सिस्टरला हातानंच थांबवलं. खाटेवर वाकले. "आजी, ऐकू येतंय का? माझं बोट धरा."

हात ठोकत राहिला.

"आजी, इकडं बघा. बोट धरा."

काही नाही. पुन्हा सांगितलं. काही नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि तीच मला सोसवेना.

दिगंबर पेला घेऊन पोचला होता. धापा टाकत होता. मी पेला घेतला.

"तोंडानं काही द्यायचं नाही हं," डॉक्टर म्हणाले.

"वासाला तर बंदी नाही ना?"

मी पेला तिच्या नाकाशी नेला. आल्याची वाफ वर आली.

"आत्याबाई," मी म्हटलं, "भरती पुरी झाली. चूल पेटलीय. चहा झालाय बघा."

हात वर उठलेला होता. तो खाली आलाच नाही, तिथंच थांबला.

डोळे हळूहळू पुरे उघडले. आधी पेल्याकडं गेले, मग माझ्याकडं आले. ओठ सुकून चिकटले होते, ते सुटायला वेळ लागला. दोन आठवडे न वापरलेला आवाज, फाटका, पण शब्द स्वच्छ.

"सहा वाजले?"

दिगंबरनं तोंडावर हात दाबला. मावशी म्हणाली, "अगं बया!"

डॉक्टर पटकन पुढं झाले. "साडेचार झालेत, आजी. शाब्बास. आता बोट धरा बघू." तिनं वैतागल्यासारखी त्यांच्याकडं नजर टाकली आणि धरलं एकदाचं बोट. ते सिस्टरला सांगायला लागले, "लिहून घ्या. बोलल्या. सांगितलेलं ऐकलं. वेळेचं भान नाही अजून, पण ते येईल हळूहळू."

"भान नाही असं लिहू नका, डॉक्टर," मी म्हटलं. "त्यांना वेळ बरोबर ठाऊक आहे. त्या मला टोमणा मारताहेत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता पोटातलं बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"त्या दिवशीही षष्ठीच होती. वद्य षष्ठी. पहाटे साडेचारला या उठल्या. आदल्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी चुलीपुढं आडवी बसले आणि म्हटलं, आजपासून या घरात सहा वाजल्याशिवाय चूल पेटणार नाही. घड्याळ दाखवलं त्यांना. मला वाटलं, भांडतील, मला ढकलून चूल पेटवतील. तर नुसतं 'बरां' म्हणाल्या आणि टोपली उचलून चालत्या झाल्या. घोटभर चहा नाही, भाकरीचा तुकडा नाही. रिकाम्या पोटी खडकावर गेल्या, म्हणून तोल गेला. सगळ्या गावाला वाटतं शेवाळावरून घसरल्या. शेवाळ तर चाळीस वर्षं तिथंच होतं."

दिगंबर माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या बोलण्याची मला भीती नव्हतीच, मला या बाईची होती. तिला तसंच पाठीवर घालून घाट उतरायला लागलं असतं, तर त्या चुलीपुढं मी उरलेला जन्म कशी बसले असते?

मी तिच्याजवळ वाकले. "नाही वाजले सहा, आत्याबाई. साडेचारच झालेत. तुमच्याच वेळेला पेटलीय चूल. आता रोज पेटेल. चुकलं माझं."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत जुनी खोडी होती, ती मला त्या पांढऱ्या चादरीतही ओळखू आली.

"बरां," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खाटेच्या कडेचा कागद काढला, घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातला. "हे कसं झालं ते मला विचारू नका," ते म्हणाले. "शरीराला आतलं घड्याळ असतं, एवढं आम्ही शिकतो. अंधार-उजेड कळला नाही तर ते आपल्या चालीनं चालत राहतं. पण त्यांचं तिथीनं चाललं असेल असं माझ्या कुठल्या पुस्तकात नाही." मग सिस्टरला म्हणाले, "ती सुई बंद. वरच्या युनिटला कळवा, खाट मोंडकरबाईंना."

वर नेईपर्यंत तिचा डोळा लागला होता. दिगंबर जिन्यात माझ्याशेजारी बसला. गार झालेला चहा त्याच्याच हातात होता. "माका आधी सांगूक व्हया हुतां," एवढंच म्हणाला. मग अर्धा स्वतः प्याला आणि अर्धा मला दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. डॉक्टर रविवारी येत नाहीत, असं युनिटच्या सिस्टरनं मला सकाळीच बजावलं होतं. मी कॅलेंडर बघितलं. सप्तमी. सात पाऊण सव्वापाच.

पाच वाजून दहा मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. डॉक्टर शहापूरकर घरच्या सदऱ्यात, पायात साध्या चपला, वर आले आणि खाटेशेजारी स्टूल ओढून बसले.

"अजून पाच मिनिटं आहेत ना?" त्यांनी मला विचारलं.